फाइल नेमकी अडते कुठे? एफटीपी, एसएफटीपी की आरसिंक

लिनक्स किंवा बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाइली पाठवायला एफटीपी, एसएफटीपी आणि आरसिंक या तिघांपैकी काय वापरावं हे ठरवताना बहुतेक जण वेग बघतात. मी आधी हे बघतो की कनेक्शन अडलं तर कारण किती लवकर सापडतं.

त्या हिशेबाने एफटीपी सगळ्यात त्रासदायक. लॉगिन व्यवस्थित होतं, पण फाइलींची यादी मागितली की सगळं ठप्प. आदेश २१ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे मशीनवरचं कनेक्शनचं क्रमांक दिलेलं दार) जातात, पण यादी आणि फाइल यांच्यासाठी वेगळं कनेक्शन लागतं. ॲक्टिव्ह मोडमध्ये ते सर्व्हर तुमच्याकडे उघडायला बघतो आणि बऱ्याचदा तुमच्या राउटरवरच अडतो. पॅसिव्हमध्ये तुम्ही सर्व्हरच्या दुसऱ्याच पोर्टला जोडता, मग तो पोर्ट तिकडच्या फायरवॉलमध्ये (नको ती कनेक्शनं अडवणाऱ्या यंत्रणेत) उघडा हवा. म्हणून ४२५ हा एरर कोड (फाइलींचं कनेक्शन उघडता आलं नाही) दिसला तर पासवर्ड बदलत बसू नका. लॉगिनची अडचण असती तर ५३० आला असता. सर्व्हर तुमच्याच हातात असेल तर पॅसिव्ह पोर्टांची मर्यादा ठरवून तेवढेच उघडा. साध्या एफटीपीत पासवर्डही उघडाच जातो. टीएलएस (कनेक्शन सांकेतिक करणारी पद्धत) लावलं की तो झाकला जातो, पण मग फायरवॉलला आदेश वाचता येत नाहीत आणि लागणारा पोर्ट ती आपणहून उघडू शकत नाही.

एसएफटीपी हे एसएसएचवर, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीवर चालतं. त्याचं सगळं काम एकाच कनेक्शनवर, सहसा २२ पोर्टवर चालतं. त्यामुळे तपासायच्या जागा कमी. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा त्या पोर्टवर एसएसएच चालूच नाही. ‘टाइम्ड आउट’ आलं तर फायरवॉल किंवा पत्ता तपासा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर नेटवर्क ठीक आहे. लॉगिनची ‘की’ (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाइल) आणि तिच्या फोल्डरच्या परवानग्या बघा, सर्व्हरवर फोल्डरला ७०० आणि ऑथोराइज्ड-कीजच्या फाइलला ६०० ठेवा, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच उघडता येतील. एक चकवा मात्र लक्षात असू द्या: एसएसएच चालतं, एसएफटीपी मात्र ‘रिसीव्हड मेसेज टू लाँग’ म्हणून बंद पडतं. अशा वेळी सर्व्हरवरच्या बॅश-आरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत) बहुतेक वेळा एखादी स्वागताची ओळ छापली जात असते. एसएसएचने नुसता ‘ट्रू’ हा आदेश चालवून बघा, एक अक्षरही दिसता कामा नये.

आरसिंक सहसा एसएसएचवरूनच जातं, म्हणजे वरच्या अडचणी त्यालाही आहेत. शिवाय ते दोन्ही मशीनवर असावं लागतं, आणि फक्त एसएफटीपीची मुभा असलेल्या खात्यावर ते चालत नाही. पण लाइन मध्येच तुटत असेल तर त्याला तोड नाही: ‘पार्शल’ पर्याय लावला की अर्धवट आलेली फाइल टिकते आणि पुढच्या वेळी तिचाच उपयोग होतो.

नव्याने सुरुवात करत असाल तर डोळे झाकून एसएफटीपी घ्या. मोठ्या फाइली किंवा रोजचा बॅकअप असेल तर आरसिंक. एफटीपी फक्त समोरच्याकडे दुसरं काहीच नसेल तेव्हा, आणि तेही टीएलएससकट.