डीईएफ रिफ्रॅक्टोमीटर, एका उन्हाळ्यानंतर: पाणी पकडतो, खत सोडून देतो

बीएस६ या नव्या धूर-नियमांच्या ट्रकमध्ये धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण भरतात, तेच डीईएफ. त्याचा, म्हणजे युरियाचा, दिवा लागला की वर्कशॉपचं पहिलं वाक्य ठरलेलं: "युरिया भेसळीचा भरलाय, वॉरंटीत बसणार नाही." दुसरं वाक्य टाकीतला सेन्सर बदलण्याचं. या दोन्हींना उत्तर द्यायचं तर हातात आकडा हवा, आणि दीड हजाराच्या आतला साधा रिफ्रॅक्टोमीटर (द्रवाच्या थेंबात प्रकाश किती वाकतो यावरून युरियाचं प्रमाण दाखवणारं यंत्र) तो आकडा देतो. तेवढ्यासाठी पैसे वसूल. पण खोक्यावर ठळक छापलेलं 'एटीसी', म्हणजे तापमानानुसार आपोआप होणारी दुरुस्ती, वाचून कुणी निर्धास्त राहू नये. पहिली तक्रार तिथेच आहे.

डीईएफचा हिशोब असा: वजनाने ३२.५ टक्के युरिया, बाकी आयनमुक्त पाणी. आयएसओ २२२४१ या डीईएफच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ३१.८ ते ३३.२ चालतं. ही मर्यादा किती बारीक आहे हे वीस लिटरच्या बादलीवर कळतं. बादलीत सुमारे २१.८ किलो द्रव असतो, त्यात साधारण ७.१ किलो युरिया. अर्धा लिटर पाणी मिसळलं की आकडा ३१.८ च्या काठावर येतो, आणि दोन लिटर मिसळलं तर २९.८ वर. फक्त ३० ते ३५ चं स्केल असलेल्या यंत्रात ही दुसरी बादली स्केलच्या बाहेरच जाते. भेसळ आहे एवढं कळतं, किती आहे ते नाही. दुकानदाराशी भांडायला 'किती' लागतं, म्हणून १५ ते ४० चं स्केल शोधून घ्यावं.

आता ही एटीसी. स्वस्त यंत्रात हे काम आतली एक द्विधातूची पट्टी करते, आणि ते १० ते ३० अंशांतच. ३० अंश! नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सकाळी नऊला सावलीतही ३० मिळत नाही. या मर्यादेच्या वर एका अंशामागे आकडा साधारण ०.१ टक्क्याने घसरतो. ४० अंशांना अस्सल ३२.५ चा डीईएफ ३१.५ दाखवतो, म्हणजे नापास. चांगला माल परत करायला निघालेल्या मालकाला हे कोणी सांगत नाही. खोक्यात येणाऱ्या कागदावर बारीक अक्षरांत असतं, इंग्रजीत किंवा चिनीत.

यातली मेख अशी की थेंब इतका लहान असतो की तो लगेच काचेचं तापमान घेतो. म्हणजे बादली गरम आहे का यापेक्षा यंत्र कुठे पडलं होतं ते महत्त्वाचं. डॅशबोर्डवर ठेवलेलं यंत्र उन्हाळ्यात उपयोगाचं नाही. ते कापडात गुंडाळून सीटखाली ठेवावं. वापरायच्या आधी ओलं फडकं गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवायचं, मग प्रिझम, म्हणजे थेंब टाकायची काच, कोरडा करायचा. डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब टाकून निळी-पांढरी सीमारेषा पाण्याच्या रेघेवर आणायची. त्यासाठीचा स्क्रू वरच्या रबरी टोपीखाली असतो. त्यानंतर डीईएफचा थेंब टाकून झाकण लावायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि आकडा वाचायचा. थेंब उघडा ठेवून गप्पा मारत बसलात तर पाणी उडून आकडा चढतो. झाकण उघडं राहिलेली बादलीही याच कारणाने ३३.२ च्या वर जाते, तिथे भेसळ शोधू नका.

नमुना घ्यायची पद्धतही चुकते. पाणी डीईएफपेक्षा हलकं असतं, म्हणून बादली न हलवता वरचा थेंब घेतला तर निकाल फसवा येतो. ड्रॉपर डिस्टिल्ड वॉटरने धुतलेला हवा. पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यातून नमुना घेऊ नये. एचडीपीई (जाड प्लास्टिक) किंवा स्टेनलेस चालतं.

यंत्राची खरी किंमत कळते ती स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि फॉल्ट कोड वाचणारं उपकरण, लावल्यावर. टाकीतला सेन्सर अल्ट्रासॉनिक असतो: द्रवातून आवाज किती वेगाने जातो आणि तापमान किती आहे यावरून तो टक्केवारी काढतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात ती टक्केवारी बघायची आणि त्याच टाकीतल्या थेंबाशी ताडायची. एसपीएन ३३६४ किंवा पी२०७एफ हा डीईएफच्या गुणवत्तेचा कोड आला, आणि सेन्सर व यंत्र दोघंही २८ म्हणतात? माल खराब, टाकी रिकामी करा. सेन्सर २८ म्हणतो पण यंत्र ३२.५? मग द्रव बदलून काही होणार नाही. आधी पातळी बघा. टाकी तळाला असताना हिंदकळून बुडबुडे होतात आणि बुडबुड्यांत आवाजाचा वेग बिघडतो. भरल्या भरल्याही असंच होतं. मग सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) सोडा. पिनांवर पांढरे खडे दिसले तर डीईएफ वायरीतून चढलाय. नंतर टाकीच्या तोंडाशी टॉर्च मारा. वर तेलकट तवंग असेल तर कुणीतरी डिझेल ओतलंय. यंत्रातही डिझेलची खूण दिसते: सीमारेषा धूसर होते. डिझेलने पंपातले ईपीडीएम रबराचे भाग फुगतात, अशा वेळी टाकी धुऊन भागत नाही.

आणि दोघंही ३२.५ म्हणतात, पण कोड एसपीएन ४३६४ किंवा पी२०ईई आहे? तो गुणवत्तेचा नाही, एससीआरच्या, म्हणजे डीईएफ वापरून धुरातले नायट्रोजन ऑक्साइड (नॉक्स) कमी करणाऱ्या यंत्रणेच्या, कार्यक्षमतेचा कोड आहे. काही मेस्त्री दोन्ही एकाच पोत्यात भरतात आणि टाकीच्या सेन्सरमागे लागतात. इथे डीईएफ फवारणारं नोझल चोकअप, डोसिंग (फवारणी) कमी, एक्झॉस्ट लीक, नॉक्स सेन्सर, शेवटी कॅटॅलिस्ट या क्रमाने जायचं. डोसिंग टेस्ट स्कॅनरवरून होते; नोझल काढून मापात किती मिली येतं ते कंपनीच्या आकड्याशी लावायचं. फुकटची खूणही आहे: शंभर लिटर डिझेलला साधारण तीन ते सहा लिटर डीईएफ जातो. खप अचानक निम्म्यावर आला तर ती बचत समजून खूश होऊ नका, डोसिंग थांबत चाललंय.

इथपर्यंत मत साडेचार तारे होतं. मग खताचा मुद्दा आला आणि ते खाली आलं.

रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रमाण मोजतो. अनुदानाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. ती बोअरच्या पाण्यात विरघळवून प्रमाण नीट जुळवलं तर हे यंत्र ३२.५ दाखवून पास करतं. खताच्या युरियात बाययुरेट ही अशुद्धी १.५ टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफमध्ये ०.३ च्या वर नको. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम प्रत्येकी ०.५ मिलीग्रॅम प्रति किलोच्या आत राहणं शक्यच नाही, त्यावर कडुनिंबाचा लेप वेगळाच. गढूळपणा, तवंग किंवा कडू वास आला तर शंका घ्यावी. पण चांगल्या गाळणीतून काढलेला माल पारदर्शक दिसतो. टाकीतला सेन्सरही असाच फसतो. दिवा लागतो तो काही हजार किलोमीटरनंतर, कॅटॅलिस्ट निकामी झाल्यावर, आणि कोड येतो कार्यक्षमतेचा. ही पकड फक्त लॅबची. म्हणून प्रत्येक बॅचचा एक लिटर स्वच्छ एचडीपीई बाटलीत सील करून, बॅच नंबर व तारीख लिहून सावलीत ठेवा. तोही कायम टिकत नाही: २५ अंशांना १८ महिने, ३५ ला सहा. पत्र्याच्या शेडमध्ये साठा करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

माल बदलल्यावर दिवा लगेच जात नाही, यावरूनही भांडणं होतात. टाकी नळाच्या पाण्याने धुऊ नका. डिस्टिल्ड वॉटर किंवा चांगला डीईएफच वापरा. इग्निशन बंद केल्यावर पंप लाइनमधला द्रव परत ओढतो. तो आवाज थांबेपर्यंत बॅटरीचा स्विच पाडू नका, नाहीतर नोझलमध्ये खडे धरतात. त्यानंतर गाडी लोडवर चालली की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पुन्हा तपासतो. चालढकल मात्र नको: नियमाप्रमाणे इशाऱ्यानंतर इंजिनचे दहा तास भरले की टॉर्क (इंजिनची ओढ) कापला जातो, वीस भरले की गाडी ताशी २० किलोमीटरवर अडकते.

आताचं मत चार तारे. अर्धा तारा एटीसीसाठी कापला, अर्धा खतासाठी. खताचा अर्धा खरं तर यंत्रावर अन्याय आहे, पण विकणारे 'शुद्धता तपासा' असं लिहितात म्हणून कापला. डिजिटल यंत्राची तापमानमर्यादा ४० अंशांपर्यंत असेल आणि गाड्या दहाच्या वर असतील तर ते घ्या. दोन-चार गाड्यांना हेच पुरे, फक्त ओलं फडकं आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली सोबत ठेवा.