केबल काढून एक सीझन झाला, मिशिगनच्या मॅचेस आता अशा बघते

आमची केबल जुलै २०२५ मध्ये काढली, आता फेब्रुवारी संपत आलाय. कॉलेज फुटबॉलचा अख्खा सीझन झाला, बास्केटबॉलचाही बराचसा झाला, म्हणून आता निवांत लिहिते, कारण डेट्रॉइटच्या आसपास राहणारे आपले बरेच लोक दर ऑगस्टमध्ये हेच विचारत असतात की केबल काढली तर शनिवारच्या मॅचचं काय. फुटबॉल म्हणजे इथला, हातात बॉल घेऊन पळायचा तो. मी मास्टर्स ॲन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीत केलं, तेव्हापासून मिशिगनची मॅच चुकवत नाही, १,०७,६०१ क्षमतेच्या त्या बिग हाऊसमध्ये (मिशिगनचं स्टेडियम) एकदा बसलेला माणूस नंतर चुकवूच शकत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यामुळे केबल काढताना सिनेमे, मालिका कशाचीच काळजी नव्हती, काळजी होती ती फक्त मॅचेसची.

तर सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. केबलसारखंच दुसरं काहीतरी शोधायला जाऊ नका. लोक काय करतात, केबल बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी ८०-९० डॉलर महिन्याची लाइव्ह टीव्ही सर्व्हिस घेतात, मग म्हणतात काही वाचलं नाही. वाचणारच नाही, तेच शंभर चॅनल आता इंटरनेटवरून येतात एवढाच फरक. त्यापेक्षा आपली टीम कुठल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेज टीम्सच्या कुठल्या गटात आहे आणि त्या कॉन्फरन्सच्या मॅचेस कुठल्या चॅनलवर असतात ते आधी कागदावर लिहून काढा, आणि मग जेवढं लागेल तेवढंच, ज्या महिन्यात लागेल त्याच महिन्यात घ्या.

मिशिगन बिग टेनमध्ये. नाव बिग टेन असलं तरी २०२४ पासून टीम १८ आहेत, कॅलिफोर्नियापासून न्यू जर्सीपर्यंत. या कॉन्फरन्सच्या फुटबॉलचे मुख्य हक्क २०२३ पासून फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तिघांकडे, आणि उरलेल्या बऱ्याच मॅचेस बिग टेन नेटवर्क या वेगळ्या चॅनलवर. साधारण दुपारी १२ ला फॉक्स, साडेतीनला सीबीएस, रात्री साडेसातला एनबीसी. आता यातली गंमत बघा, हे तिन्ही चॅनल हवेतून फुकट येतात! अँटेना लावला की झालं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे माहितीच नसतं, कारण आपण भारतातून आलो ते थेट केबलचं कनेक्शन घेऊनच राहिलो, छपरावरचा अँटेना म्हणजे दूरदर्शनच्या काळातली गोष्ट असं डोक्यात बसलेलं. पण इथे जून २००९ मध्ये मोठ्या स्टेशन्सचं प्रक्षेपण डिजिटल झालं, तेव्हापासून अँटेनावर एचडी दिसतं, मुंग्याबिंग्या काही नाही.

२०२५ च्या सीझनचा हिशोब मी मुद्दाम केला होता. रेग्युलर सीझनच्या १२ मॅचेस. न्यू मेक्सिको, यूएससी आणि मिशिगन स्टेट एनबीसीवर. ओक्लाहोमा एबीसीवर, तेही हवेतून फुकट येतं (ती हरलो, २४-१३). नेब्रास्का सीबीएसवर. विस्कॉन्सिन, वॉशिंग्टन, नॉर्थवेस्टर्न आणि ओहायो स्टेट फॉक्सवर. म्हणजे १२ पैकी ९ मॅचेस फुकट अँटेनावर! राहिल्या सेंट्रल मिशिगन, पर्ड्यू आणि मेरीलँड, त्या बिग टेन नेटवर्कवर. या तीन मॅचेससाठी आम्ही इतकी वर्षं केबलला किती पैसे भरत होतो याचा विचार केला की अजून वाईट वाटतं. बिलात तर ब्रॉडकास्ट टीव्ही फी नावाचा एक आकडा दर महिन्याला असायचा, म्हणजे जे हवेतून फुकट येतं त्याचेच पैसे वेगळे लावलेले, वर बॉक्सचं भाडं, वर रीजनल स्पोर्ट्स फी. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळीकडे थोडंफार असंच आहे.

अँटेनाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण खरा फायदा तिथेच आहे. आम्ही कँटनला राहतो, डेट्रॉइटच्या स्टेशन्सचे टॉवर बहुतेक साउथफील्डच्या बाजूला, म्हणजे आमच्यापासून फार लांब नाही. एफसीसीच्या (टीव्ही-रेडिओचे नियम करणारं इथलं सरकारी खातं) साइटवर टीव्ही रिसेप्शनचा नकाशा आहे, त्यात पत्ता टाकला की कुठलं स्टेशन किती जोरात आणि कुठल्या दिशेने येतं ते कळतं, विकत घ्यायच्या आधी ते नक्की बघा. खिडकीला चिकटवायचा कागदासारखा पातळ अँटेना मिळतो तो नको. आम्ही ॲटिकमध्ये मध्यम आकाराचा लावला आणि केबलवाल्याची जी कोॲक्स वायर भिंतीतून आधीच आलेली होती तिलाच जोडला, त्यामुळे घरभर नवीन वायर ओढावी लागली नाही. एकूण खर्च शंभर डॉलरच्या आसपास, एकदाच. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनल स्कॅन. २ फॉक्स, ४ एनबीसी, ७ एबीसी, ६२ सीबीएस. शिवाय ९ वर नदीपलीकडच्या विंडसरचं सीबीसी येतं, कॅनडाचं, म्हणजे शनिवारी रात्रीची आइस हॉकी फुकट. हे आम्हाला बोनसमध्येच मिळालं. टाउनहाऊसमध्ये राहत असाल आणि एचओए (घरमालकांची सोसायटी) अँटेनाला नको म्हणत असेल तर घाबरू नका, १९९६ पासून एफसीसीचा नियम आहे, तुमच्या स्वतःच्या ताब्यातल्या जागेत, म्हणजे बाल्कनी, पॅटिओ वगैरे, टीव्हीचा अँटेना लावायला ते सरसकट बंदी घालू शकत नाहीत. सामायिक छपराची गोष्ट वेगळी.

याचा सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर माझ्या सासऱ्यांना. ते ऑगस्टपासून सहा महिने इथे होते. आधीच्या वेळी आले तेव्हा केबलचा तो भलामोठा रिमोट आणि पाचशे चॅनलची यादी, त्यांना काही सापडायचंच नाही. ॲपमध्ये तर प्रोफाइल निवडा, पासवर्ड टाका, जाहिरातीची मोठी चित्रं बाजूला करा, ते वैतागून टीव्ही बंद करायचे. अँटेनाला मात्र चार दाबलं की चार लागतं. सप्टेंबर संपेपर्यंत त्यांना खेळ कळायला लागला, चार प्रयत्नांत दहा यार्ड, नाही झाले तर बॉल समोरच्याला. ऑक्टोबरमध्ये ते सकाळीच मला विचारायचे, सूनबाई, आज आपली दोनवर आहे का चारवर? घरात म्हाताऱ्या माणसांची ये-जा असेल तर हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे असं मी म्हणेन.

दुसरा फायदा वेळेचा. स्ट्रीमिंग हे खऱ्या मॅचच्या मागे चालतं, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त, अँटेना फक्त काही सेकंद मागे. ऐकायला किरकोळ वाटतं. १५ नोव्हेंबरची नॉर्थवेस्टर्नची मॅच घ्या, शिकागोच्या रिगली फील्डवर, म्हणजे बेसबॉलच्या मैदानावर. आम्ही २२-२१ असे मागे, घड्याळ संपत आलेलं आणि शेवटची किक. खाली मी आणि सासरे अँटेनावर बघतोय, वर मुलगी तिच्या खोलीत आयपॅडवर स्ट्रीम बघतेय. किक आत गेली, २४-२२, आम्ही दोघं ओरडलो, आणि वरून आवाज आला, "आई, सांगू नका ना! इथे अजून टाइमआउट चालू आहे!" बिचारीची सगळी मजा गेली. आणि घरात कोणी ओरडलं नाही तरी व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, फोन वाजला की समजायचं काहीतरी झालं. स्ट्रीमवर मोठी मॅच बघणार असाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

चित्राबद्दल एवढंच की बॉल हवेत असताना, बावीस माणसं एकदम पळत असताना अँटेनाचं चित्र मला जास्त स्वच्छ वाटलं, इंटरनेटवर त्याच वेळी गवत थोडं पुसल्यासारखं होतं.

आता त्या तीन मॅचेसचं काय. ऑगस्ट २०२५ मध्ये फॉक्स वन हे फॉक्सचं स्ट्रीमिंग ॲप सुरू झालं, १९.९९ डॉलर महिना, आणि त्यात बिग टेन नेटवर्क येतं. आधी या चॅनलसाठी केबल किंवा मोठं पॅकेज घ्यावंच लागायचं, आता नाही. मी १३ सप्टेंबरच्या सेंट्रल मिशिगनच्या मॅचसाठी (६३-३ जिंकलो) एक महिना घेतलं आणि त्याच दिवशी कॅन्सलचं बटण दाबून ठेवलं, म्हणजे महिनाभर चालतं आणि पुढे पैसे कापत नाहीत. ऑक्टोबरच्या सगळ्या मॅचेस अँटेनावर होत्या त्यामुळे तेव्हा नव्याने काहीच घेतलं नाही. १ नोव्हेंबरला पर्ड्यूसाठी परत चालू केलं ते अजून चालू आहे, कारण नोव्हेंबरपासून बास्केटबॉल.

बास्केटबॉल मात्र डोकेदुखी आहे, हे स्पष्टच सांगते. फुटबॉलच्या मॅचेस बारा, बास्केटबॉलच्या तीसच्या पुढे, आणि त्या सगळीकडे विखुरलेल्या. काही फॉक्सवर, काही एफएसवन या फॉक्सच्या स्पोर्ट्स चॅनलवर, काही सीबीएसवर, बऱ्याच बिग टेन नेटवर्कवर, काही फक्त पीकॉकवर (एनबीसीचं स्ट्रीमिंग ॲप, १०.९९ महिना, मी डिसेंबरपासून घेतलंय). आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात लास व्हेगासला प्लेयर्स एरा स्पर्धा झाली, जिथे मिशिगनने फायनलमध्ये गोन्झागाला १०१-६१ असं धुतलं, ती टीएनटीच्या चॅनल्सवर, जे अँटेनावर येत नाहीत. चाळीस पॉइंटने! अशी मॅच लाइव्ह बघायची तर आणखी एका ठिकाणी पैसे भरा. मी मैत्रिणीकडे जाऊन बघितली, तिच्याकडे केबल आहे अजून. म्हणजे फुटबॉलसाठी ही सगळी व्यवस्था दहापैकी नऊ, पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी फार तर सहा.

एका बास्केटबॉल मॅचला एक ॲप (नाव नको) सतत गोल गोल फिरत बसलं. वायफायवर असाल तर टीव्हीला किंवा स्ट्रीमिंग बॉक्सला सरळ इथरनेट वायर जोडा, आमचा तो त्रास तेव्हापासून गेला. स्पीड फार लागत नाही, एका चांगल्या एचडी स्ट्रीमला २५ एमबीपीएस भरपूर होतं, पण डेटाची लिमिट आहे का ते इंटरनेट कंपनीला नक्की विचारा. आणि हेही विचारा की टीव्ही काढल्यावर नुसत्या इंटरनेटचा रेट काय, कारण आमचा वाढवला होता, फोनवर भांडून परत खाली आणला.

माझा खरा जीव मात्र बायकांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये आहे. मिशिगनच्या मुलींनी २०२१ मध्ये नॅशनल टायटल जिंकलं, आणि त्यांच्या बऱ्याच मीट्स (स्पर्धा) आजही टीव्हीवर नसतात, कॉन्फरन्सच्या वेगळ्या पेड स्ट्रीमवर असतात. हे केबल असतानाही असंच होतं त्यामुळे केबल काढल्याने नुकसान काही नाही, पण मला हे पटत नाही, चॅम्पियन टीम ज्यांना बघायचीय त्यांना ती नेहमीच्या चॅनलवर दिसायला हवी. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, कुस्ती यांचंही तेच. घरात मुली खेळणाऱ्या असतील तर ॲन आर्बरला क्रिस्लर सेंटरमध्ये जाऊन मीट प्रत्यक्ष बघा.

ज्यांची टीम बिग टेनमध्ये नाही त्यांचं गणित वेगळं. नोत्र दामवाले सुखी, त्यांच्या घरच्या मॅचेस १९९१ पासून एनबीसीवर, एखाददुसरी पीकॉकवर जाते तेवढीच. एसीसी कॉन्फरन्सचं थोडं सीडब्ल्यूवर आणि एबीसीवर मिळतं, बाकी ईएसपीएन. एसईसी कॉन्फरन्स, म्हणजे टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा वगैरे, २०२४ पासून पूर्ण एबीसी आणि ईएसपीएनकडे, त्यामुळे ईएसपीएन घ्यावंच लागेल, ते आता केबलशिवाय सरळ २९.९९ ला मिळतं, आणि फॉक्स वनबरोबर जोडीने ३९.९९ ला. गेल्या वर्षी ३० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर डिस्नी (ईएसपीएन आणि एबीसीची मालक) आणि यूट्यूब टीव्ही या लाइव्ह टीव्ही सर्व्हिसचा करार जमला नाही तेव्हा तिथून ईएसपीएन आणि एबीसी दोन्ही गेले होते, फुटबॉलचे दोन शनिवार. अँटेनावर एबीसी तेव्हाही चालूच होतं. म्हणून कुठलीही सर्व्हिस घ्या पण अँटेना लावाच, असं मी सगळ्यांना सांगते.

क्रिकेटसाठी केबल ठेवलीय असं म्हणणारे पण भेटतात. विलो या क्रिकेट चॅनलचं स्वतःचं ॲप आहे, वेगळं घेता येतं, त्यासाठी केबल नको.

रेकॉर्डिंगसाठी अँटेनाला जोडायचा छोटा रेकॉर्डर बॉक्स घेतला. ३० ऑगस्टला पहिली मॅच रात्री साडेसातची आणि आम्ही गणपतीच्या आरतीला ओळखीच्यांकडे, प्रसाद, जेवण, गप्पा, घरी आलो तेव्हा अकरा वाजून गेलेले. रेकॉर्ड केलेली पूर्ण बघितली, ३४-१७ जिंकलो होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमधले शनिवार आपल्याकडे असे जाणारच, त्यामुळे रेकॉर्डिंगची सोय करूनच ठेवा, फक्त गाडीत बसल्यावर कोणाला स्कोअर सांगू देऊ नका.

आता मार्च मॅडनेस, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा. ६८ टीम, ६७ मॅचेस, सीबीएस, टीबीएस, टीएनटी आणि ट्रूटीव्ही यांच्यात वाटलेल्या. सीबीएसवरच्या मॅचेस अँटेनावर दिसतील, पण यंदा फायनल फोर (शेवटच्या चार टीम्सच्या मॅचेस) टीबीएसकडे आहे, ४ आणि ६ एप्रिलला इंडियानापोलिसला, म्हणजे अँटेनावर नाही. त्यासाठी स्लिंग या लाइव्ह टीव्ही सर्व्हिसचा एक दिवसाचा पास ४.९९ चा मिळतो, त्यात टीबीएस आणि टीएनटी आहेत. मिशिगन जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत मी एकेक दिवसाचा पास घेत जाणार आहे. बायकांच्या स्पर्धेची फायनल एबीसीवर असते, ती सातवर.