प्रोपेनचा कंदील: नऊ महिने आणि पंचवीस-एक रात्रींनंतर

घेतल्या घेतल्या लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. पहिल्याच रात्री नॉब पूर्ण उघडला आणि सगळा तळ असा लख्ख उजळला, की शेजारच्या तंबूतून कोणीतरी ओरडलं, "अहो, जरा कमी करा की!" तेव्हा मला ती दादच वाटली होती. आता नऊ महिने झालेत, पंचवीस-एक रात्री हा कंदील उघड्यावर जळलाय, आणि मी त्या शेजाऱ्याच्या बाजूला जाऊन बसले आहे.

वस्तू अशी: दोन मॅन्टलची, म्हणजे ज्योतीत तापून उजेड देणाऱ्या दोन जाळ्यांची, गॅसबत्ती. खाली पेचाने बसणारा छोटा सिलिंडर, त्याला प्लास्टिकचं पसरट बूड, मध्ये रेग्युलेटर आणि नॉब, वर गोल काच, काचेवर पत्र्याचं टोपण आणि टांगायला कडी. खोक्यावर १००० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) लिहिलंय. सिलिंडरमध्ये ४६५ ग्रॅम गॅस असतो. घेण्याआधी एवढं मात्र बघा, की तुमच्याकडे मिळणाऱ्या सिलिंडरचा आटा याला बसतो का. आटे सगळीकडे एकसारखे नसतात आणि जुळवणी करायला मिळणाऱ्या स्वस्त जोडांवर माझा विश्वास नाही.

आता मॅन्टल. या कंदिलाबद्दलचं निम्मं प्रेम आणि निम्मी चिडचिड इथेच आहे. नवीन मॅन्टल म्हणजे तान्ह्या बाळाच्या मोज्याएवढी मऊ कापडी पिशवी. ती बर्नरच्या तोंडाला अडकवायची, चुण्या चारी बाजूंनी सारख्या करायच्या आणि गॅस बंद ठेवूनच तिला काडी लावायची. आधी खालून, मग फिरवत फिरवत. कापड काळं पडतं, त्याच्या कडेने एक बारीक लाल रेघ वर वर सरकत जाते आणि मागे पांढरी जाळी उरते, मूळ पिशवीपेक्षा बरीच आखडलेली. धूर होतो, तेव्हा तोंड बाजूला ठेवायचं. मी पहिल्या वेळी घाई केली. एका बाजूला रुपयाएवढा काळा डाग राहिलेला असतानाच गॅस सोडला आणि तिसऱ्या रात्री त्याच जागी चीर गेली. आता मी दोन्ही मॅन्टल पांढरीफटक होईपर्यंत थांबते, वर दोन मिनिटं गार होऊ देते, आणि मगच नॉब अगदी थोडा उघडून पेटवते. भप्प असा आवाज येतो. दचकायला होतं, अजूनही होतं.

उरते ती खरं तर राखच. कापड जळून जातं आणि त्यात मुरवलेल्या क्षारांचे ऑक्साइड कापडाचा आकार धरून राहतात. प्रोपेनची ज्योत स्वतः निळसर, उजेडाच्या नावाने जवळजवळ शून्य. उजेड देते ती तिच्यात तापलेली ही राख. व्हिएन्नाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं, पण त्या पहिल्या मॅन्टलचा उजेड हिरवट पडायचा. १८९१ मध्ये त्याने ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियम असं मिश्रण बसवलं आणि मग तो पांढरा, भरघोस उजेड मिळाला. तो एक टक्का सेरियमच सगळी जादू करतो. थोरियम सौम्य किरणोत्सर्गी आहे, म्हणून आता बऱ्याच मॅन्टलमध्ये त्याच्या जागी यिट्रियम असतं. तरी फुटलेल्या मॅन्टलची पूड मी फुंकून उडवत नाही. ओल्या कागदाने टिपते, हात धुते. जुन्या सामानातलं मॅन्टल कोणी दिलं तर ते थोरियमचं असू शकतं हे लक्षात असू द्या.

एकदा जाळलेल्या मॅन्टलला बोट लावलं की संपलं. कोळ्याच्या जाळ्याला तरी जरा ताण सहन होतो. माझी एक जोडी गाडीतून उतरताना धडधाकट होती आणि गाडीपासून तंबूच्या जागेपर्यंतच्या दोनशे पावलांत पिठासारखी झडून गेली. पुढची जोडी मात्र चार सहली टिकली, आणि ती का टिकली हे मला आजही सांगता येणार नाही. कंदील आता कोणाच्या तरी मांडीवर उभा धरूनच नेतो, हे एक कारण असेल. मॅन्टल ही खर्चायचीच वस्तू आहे असं एकदा मनाशी ठरवलं की त्रास कमी होतो. खोक्यात कायम चार सुटी ठेवते, आणि बसवण्याचं काम दिवस असतानाच उरकते. अंधारात, डोक्याला टॉर्च बांधून, डास चावत असताना चुण्या सारख्या करून बघा म्हणजे कळेल.

उजेडाबद्दल. कंदील टेबलावर मधोमध ठेवून सगळे भोवती बसले की काय होतं, तर कोणालाच काही दिसत नाही. डोळ्यांसमोर भगभगीत गोळा, त्यामागे काळोख आणि समोरच्याचा चेहरा नुसताच पांढरा. पहिल्या तीन-चार सहली आम्ही असेच बसलो आणि "काय उजेड आहे!" असं एकमेकांना सांगत राहिलो. मग एकदा हुक लावायला दुसरी जागाच नव्हती म्हणून तो मागे, पाठीकडे, डोक्याच्या वर हातभर उंच टांगला. त्या रात्री मला चाकूखालची बोटं दिसली, ताटात काय आहे ते दिसलं, पत्त्यांमधला बदाम आणि चौकट वेगळे दिसले. तेव्हापासून तो बैठकीपासून तीन-चार मीटरवर, उंच आणि निम्म्याहून कमी आचेवर असतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो हे शाळेत शिकलो होतो. १००० ल्युमेनमधली चौथाईसुद्धा जेवायला पुरून उरते. पूर्ण उघडलेला नॉब मला दोनच कामांना लागतो, अंधारात तंबू उभारणं आणि हरवलेली वस्तू शोधणं.

आणखी एक. या उजेडातून उठून जरा बाजूला गेलं की माणूस ठार आंधळा होतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं जातात आणि कंदिलाकडे टाकलेली एक नजर ती सगळी कमाई घालवते. ज्यांना आकाश बघायचंय त्यांनी हा घेऊच नये, किंवा घेतला तर जेवणं झाल्यावर लगेच बंद करावा. आम्ही हल्ली नऊच्या पुढे तो पेटता ठेवत नाही.

गॅस किती खातो याचं कुतूहल होतं म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत नेला. घरच्यांनी वेड्यात काढलं. पूर्ण आचेवर तासाला ६५ ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे एक सिलिंडर सात तास. निम्म्याहून कमी ठेवला तर साधारण दुप्पट चालतो. प्रोपेनमध्ये किलोला सुमारे ४६ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्या हिशोबाने हा कंदील ८०० वॅटच्या वर आहे, आणि त्यातून मिळतात १००० ल्युमेन. तेवढाच उजेड एलईडीला दहा वॅटमध्ये जमतो. बाकी सगळी उष्णता. थंडीच्या रात्री ती आवडते, लोक नकळत खुर्च्या कंदिलाकडे सरकवतात. उन्हाळ्यात तेच लोक उठून लांब जातात. आणि टांगताना हे विसरायचं नाही. टोपणावरून निघणारी हवा एवढी गरम असते की वर ताडपत्री किंवा सुकी फांदी असेल तर वेळ लागणार नाही. वर निदान मीटरभर मोकळं हवंच.

सिलिंडरमध्ये किती उरलंय हे दाखवणारा काटा नाही. पण दमट रात्री तासभर जळल्यावर सिलिंडरच्या पत्र्यावर दव धरतं, आणि ते एका ठरावीक उंचीपर्यंतच. आतला द्रव वाफ होताना गार पडतो, त्यामुळे द्रव जिथवर असतो तिथवर पत्रा गारठतो. हात फिरवला की ओली आणि कोरडी जागा स्पष्ट कळते. आमच्या धाकटीला हा शोध कंदिलापेक्षा जास्त आवडला. दर अर्ध्या तासाने ती जाऊन बोट लावून यायची आणि सगळ्यांना पातळी जाहीर करायची.

थंडीत याने खरी कमाल केली. एका रात्री बाटलीतलं पाणी गोठलं होतं. मित्राच्या स्टोव्हमध्ये ब्यूटेन. ते उणे अर्ध्या अंशाच्या खाली वाफ व्हायलाच तयार नाही. तो बिचारा सिलिंडर जॅकेटमध्ये घालून पोटाशी धरून बसला होता. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतं, त्यामुळे आमचा कंदील पहिल्या काडीला पेटला. त्या एका रात्रीसाठी मी याचे बरेच गुन्हे माफ केले आहेत.

पण त्याच रात्री आमच्यातला एक जण म्हणाला, "तंबूत घेऊया की थोडा वेळ, ऊब येईल." इथे मी अजिबात मऊ नाही. हा कंदील तंबूत न्यायचा नाही. बंद गाडीत नाही, झिप थोडी उघडी ठेवून नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की दमलोय म्हणून झोप येतेय. शिवाय प्रोपेन जळताना तासाला शंभरेक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात सोडतं, म्हणजे ऊब येईल ती ओली. त्याला गरम पाण्याची बाटली दिली. तो थोडा रुसला, मग झोपला.

तक्रारींकडे येते. ठिणगीचं बटण दुसऱ्या महिन्यात गेलं. आवाज येतो, ठिणगी कधी येते, कधी नाही, दमट हवेत तर हमखास नाही. शिवाय त्या ठिणगीच्या तारेचं टोक मॅन्टलच्या इतकं जवळ आहे की ते वाकलं तर मॅन्टलला भोक पडणारच. मी आता लांब दांड्याचा लायटर वापरते.

काच फुटली ती माझ्या चुकीने. एक धिप्पाड पतंग वरच्या फटीतून आत घुसला, एका मॅन्टलला धडकला आणि त्यात वाटाण्याएवढं भोक पाडून गेला. उजेड जवळपास तसाच होता म्हणून मी चालू ठेवला. भोकातून निळ्या ज्योतीची जीभ सरळ काचेवर येत होती, मला ती दिसतही होती. वीस मिनिटांनी टिक् असा आवाज आला आणि काचेवर खालपासून वरपर्यंत तडा गेला. भोक दिसलं की बंद करायचं, बस. गरम काचेवर पावसाचे थेंब पडले तरी तेच होऊ शकतं, म्हणून सरी येणार असतील तर मी कंदील लावतच नाही.

पतंगांवरून आठवलं. कंदिलाभोवती ते घिरट्या घालताना नीट पाहिलंत तर पाठ उजेडाकडे करून तिरपे उडताना दिसतात. उजेड असेल ती वरची बाजू, असं त्यांचं शरीर धरून चालतं. २०२४ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने टिपून हे मांडलं गेलं. त्यांना उजेडाची ओढ वगैरे नाही, ते बिचारे अडकलेले असतात. कंदील लांब टांगण्याचा हा वेगळा फायदा, जेवणात कमी पडतात.

मधले दोन महिने कंदील माळ्यावर होता. परत काढला तर उजेड पिवळट आणि मरतुकडा, एका मॅन्टलवर काजळी. सिलिंडर बदलला, मॅन्टल बदलली, काही फरक नाही. शेवटी बर्नरची नळी काढून उजेडासमोर धरली तर आत कोळ्याने पांढरं, कापसासारखं घर करून ठेवलेलं. हवा आत ओढली जाण्याची वाटच बंद. बारीक ब्रशने साफ केलं आणि पाच मिनिटांत पूर्वीसारखा. तेव्हापासून ठेवताना सिलिंडर काढून वेगळा आणि कंदील कापडी पिशवीत गच्च बांधून. सिलिंडर परत लावला की जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघते. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतं, गळालं तर खड्ड्यात, खोलगट जागेत साचून राहतं, म्हणून नुसत्या वासावर विसंबत नाही.

आवाजाचं कोणी आधी सांगितलं नव्हतं. सतत फुर्रर्र. पहिल्या दिवशी कळत नाही. बंद केल्यावर एकदम रातकिडे ऐकू येतात तेव्हा कळतं की तासभर आपण वरच्या पट्टीत बोलत होतो.

परत घेईन का? गाडी जागेपर्यंत जात असेल, माणसं सहा-आठ असतील, थंडी असेल, तर हो. पाठीवर सामान घेऊन जायचं असेल तर मुळीच नाही. विमानाने जायचं असेल तर सिलिंडर नेताच येत नाही. दोघांसाठी एलईडी पुरे. आम्हीही तंबूत तोच लावतो. रिकाम्या सिलिंडरांचं काय करायचं ही डोकेदुखी वेगळीच, कचऱ्यात टाकता येत नाहीत आणि एकदा वापरायचे असल्याने परत भरायचेही नाहीत. माझ्याकडे नऊ साठलेत. पाचपैकी साडेतीन देते, त्यातला अर्धा त्या गोठलेल्या रात्रीचा.

नवीन काच लोकरीच्या मोज्यात गुंडाळून नेते. जोडीतला दुसरा मोजा धाकटीच्या पायात असतो आणि ती दर वेळी विचारते, तिचा एक मोजा कुठे आहे.