वेबॅक मशीन : आंतरजालाचा पोटमाळा

तंत्रज्ञानाच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्याच्या लवकरच लक्षात येते की या बातम्यांना ‘काल’ नावाचा दिवस ठाऊकच नसतो. गेल्या वर्षी जे उपकरण जग बदलणार होते ते यंदा कोणत्या खणात पडले आहे, हे कोणी विचारत नाही, कारण तोवर जग बदलणारे दुसरे उपकरण आलेले असते. हा विसराळूपणा ज्यांना करमणुकीचा वाटतो, त्यांच्यासाठी, संकेतस्थळांची जुनी पाने जशीच्या तशी दाखवणाऱ्या वेबॅक मशीनइतकी उत्तम सेवा माझ्या पाहण्यात नाही. मी ती गेली अनेक वर्षे वापरतो आहे. निम्म्या वेळा कामासाठी आणि उरलेल्या निम्म्या वेळा काम टाळण्यासाठी.

इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केली. तिने साठवलेली संकेतस्थळांची पाने सर्वांना पाहता यावीत म्हणून २००१ मध्ये वेबॅक मशीन खुले झाले. त्याचे नाव एका जुन्या अमेरिकी व्यंगपटमालिकेतील अतिहुशार कुत्र्याच्या कालयंत्रावरून घेतलेले आहे. संस्थेचे कार्यालय सॅन फ्रान्सिस्कोतील एका जुन्या चर्चमध्ये असून, तेथे पुरेशी वर्षे काम केलेल्या कर्मचाऱ्यांचे छोटे पुतळे प्रार्थनागृहातील बाकांच्या बाजूने उभे केलेले आहेत. नोकरीत असताना पुतळा उभारला जाण्याचे भाग्य इतर व्यवसायांत सहसा कोणाला लाभत नाही.

वापरायला ही सेवा अगदी सोपी आहे. पत्ता लिहिला की वर्षांची पट्टी आणि तिच्याखाली दिनदर्शिका दिसते, आणि ज्या दिवशी ते पान साठवले गेले त्या तारखेवर रंगीत वर्तुळ असते. निळे वर्तुळ म्हणजे पान नीट साठवले गेले, हिरवे म्हणजे पत्ता दुसरीकडे वळवलेला होता, नारिंगी म्हणजे पान सापडले नाही आणि लाल म्हणजे समोरचा सर्व्हरच आजारी होता. नवख्या माणसाने निळ्यावरच बोट ठेवावे. मी नारिंगी वर्तुळेही उघडून पाहतो, पण तो माझ्या स्वभावाचा दोष आहे.

खरी गंमत जुन्या पानांतील आत्मविश्वासात असते, आणि क्वचित त्याच्या अभावातही. नोव्हेंबर १९९८ मधील गूगलचे पान उघडून पाहावे. तेथे आपल्याच शोधयंत्राच्या एका नमुन्याविषयी, तो कधीमधी चालेल, अशा अर्थाचे वर्णन निःसंकोचपणे दिलेले आहे. आज कोणत्याही नव्या सेवेच्या जाहिरातीत इतके खरे वाक्य आढळत नाही, जरी त्यांतील बऱ्याच सेवांना ते तंतोतंत लागू पडत असले तरी.

या गमतीला एक गंभीर बाजूही आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. गूगलनेही २०२४ मध्ये शोधनिकालांतील साठवलेल्या प्रतींचे दुवे काढून टाकले आणि पुढे त्याच वर्षी वेबॅक मशीनचे दुवे देण्यास सुरुवात केली. घरातला माळा पाडून शेजाऱ्याच्या माळ्याची वाट दाखवावी, तसा हा प्रकार झाला.

मला सर्वांत उपयोगी पडलेली सोय म्हणजे एकाच पानाच्या दोन तारखांच्या प्रती शेजारी ठेवून, वगळलेला आणि नव्याने आलेला मजकूर वेगवेगळ्या रंगांत दाखवणारी तुलना. फायली साठवून देणाऱ्या एका कंपनीने मला एके दिवशी कळवले की माझी मोफत जागा आता संपुष्टात येत आहे. जागा ‘आजीवन’ मिळेल असे तुम्हीच लिहिले होते, असे मी नम्रपणे कळवल्यावर, आम्ही असे कधीही लिहिलेले नाही, असे उत्तर आले. मी तुलनेचे पान पाठवले. त्यात ‘आजीवन’ हा शब्द एका प्रतीत ठळकपणे दिसत होता आणि दुसरीत त्याच्या जागी ‘मर्यादित काळासाठी’ असे आले होते. यावर कंपनीने खुलासा केला की आजीवन म्हणजे त्या योजनेच्या जीवनापर्यंत, आणि ती योजना गेल्या महिन्यात निवर्तली. मला जागा मिळाली नाही. मात्र त्या पत्रव्यवहाराने माझे मित्रमंडळ आठवडाभर हसत होते, आणि मोफत सेवेकडून मी याहून अधिक अपेक्षा करत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. पाने सावकाश उघडतात, चित्रांच्या जागी पुष्कळदा रिकाम्या चौकटी असतात, आणि साठवलेल्या साऱ्या मजकुरात शब्द टाकून शोध घेता येत नसल्यामुळे जुना पत्ता आठवणे हीच पूर्वअट ठरते. एकाच पानाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या दिवशी साठवलेले असू शकतात, त्यामुळे बातमी एका वर्षाची आणि शेजारची जाहिरात दुसऱ्या वर्षाची, असेही घडते. पुरावा म्हणून पान वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थेवर मोठा सायबर हल्ला झाला, सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती चोरीस गेली आणि सेवा काही दिवस बंद राहिली. हल्लेखोरांनी संस्थेच्याच संकेतस्थळावर संदेश झळकवून, हा सारा डोलारा काटक्यांवर उभा आहे असे तुम्हाला कधी वाटले नाही का, असे वाचकांना विचारले. वाटले होते, पण फुकट जेवणाऱ्याने स्वयंपाकघरात डोकावू नये म्हणून मी गप्प होतो.

माझे स्वतःचे जुने संकेतस्थळही तेथे आहे. त्यातील भेटींची संख्या दाखवणारा आकडा बव्हंशी माझ्याच भेटींचा होता. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय पद्धत, रुळण्यापूर्वीच्या त्या काळात वाचकाने संकेतस्थळाचा खास फाँट उतरवून घेतल्याशिवाय मराठी मजकूर दिसत नसे. तो फाँट आता नाही, त्यामुळे माझे सर्व लेख रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांच्या खिचडीच्या रूपात अजरामर झाले आहेत. स्वच्छ वाचता येतो तो केवळ पाहुण्यांच्या वहीतील एक अभिप्राय, कारण माझ्या मामेभावाने तो रोमन लिपीत लिहिला होता : हे इंटरनेट दोन वर्षांचे खूळ आहे, तू अभ्यासाकडे लक्ष दे.

दादा आज एका मोठ्या कंपनीत नेटवर्क विभागाचा प्रमुख आहे. ते पान काढून टाकावे असे तो मला अधूनमधून सुचवतो. अशी विनंती संकेतस्थळाच्या मालकाने ई-मेल पाठवून करावयाची असते, हे मी त्याला सविस्तर समजावून सांगितले आहे. ते पत्र मी अद्याप लिहिलेले नाही.