पऱ्हाटीच्या कांड्या : फरसाणाच्या भट्टीवरचे एक वर्ष

आमच्या फरसाणाच्या भट्टीत मागच्या दिवाळीपर्यंत बाभळीचे लाकूड जळत असे. त्यानंतर अमरावती जिल्ह्यातल्याच एका कारखान्यातून पऱ्हाटीच्या (कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या कपाशीच्या झाडांच्या) कांड्या, म्हणजे बाजारात ज्याला पांढरा कोळसा म्हणतात तो, आणायला सुरुवात केली. नावात पांढरा असला तरी त्याचा रंग तपकिरी असतो. कांडी 90 मिलिमीटर जाडीची, बाहेरून भाजल्यासारखी चकचकीत आणि हातात घेताच वजन जाणवावे इतकी घट्ट असते. वाळलेल्या पऱ्हाटीचा चुरा यंत्रातून प्रचंड दाबाने ढकलला जातो, तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने तिच्यातलेच लिग्निन (झाडाला कडकपणा देणारा नैसर्गिक घटक) मऊ होऊन चुऱ्याला बांधून ठेवते, त्यामुळे वेगळे चिकट काही मिसळावे लागत नाही.

पेटायला कांडी लाकडापेक्षा वेळ घेते, पण एकदा पेटली की आच एकसारखी राहते. शेवेच्या घाण्याला हे फार महत्त्वाचे आहे, कारण आच उतरली की शेव तेल पिते आणि चढली की करपते. धूरही बराच कमी झाला. चांगल्या कांडीचे उष्मामूल्य, म्हणजे जळल्यावर मिळणारी उष्णता, किलोमागे 3500 ते 4000 किलोकॅलरी असते. मात्र ती खरोखर कोरडी असली तरच.

आमची तक्रार इथेच आहे. जुलैत आलेला माल दमट होता आणि त्यात मातीही होती. कांड्या हातात भुगा होत होत्या, आणि राख वितळून जाळीवर दगडासारखे खडे बसल्याने दोनदा भट्टी थांबवून ते सब्बलीने फोडावे लागले. कारखानदाराने माल बदलून दिला, हे मान्य केले पाहिजे. तेव्हापासून ओलावा 10 टक्क्यांच्या आत आहे का आणि कांडीत नेमके काय भरले आहे, हे विचारल्याशिवाय आम्ही गाडी उतरवून घेत नाही. भाताच्या तुसाची राख तर वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी निघते, त्यामुळे तसली भेसळ परवडत नाही.

तरीही आम्ही लाकडाकडे परत जाणार नाही. शेवटची वेचणी झाली की आमच्या भागात पऱ्हाटी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेटवली जाते, नाहीतर शेतात तशीच उभी राहून गुलाबी बोंडअळीला आसरा देते. तीच पऱ्हाटी वेळेवर उपटून कारखान्यात जाते, याचे आम्हाला मनापासून समाधान आहे. पुढच्या पावसाळ्याचा साठा मात्र मे महिन्यातच, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचून ठेवणार आहोत.