१३५ ग्रॅमचा सीझन बॉल: लहान मुलींसाठी हाच घ्या

सांगलीत मी दहा ते तेरा वर्षांच्या मुलींना क्रिकेट शिकवते. स्मृती मानधना इथेच वाढली, त्यामुळे सुट्टी लागली की नव्या मुली येतातच. यंदाच्या बॅचसाठी मेरठचे १३५ ग्रॅमचे, लाल, फोर-पीस (चार कातडी तुकडे शिवून केलेले) सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचे कडक लेदर बॉल, डझनाने मागवले. नेटमध्ये आणि मॅटिंगवर (चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर) भरपूर वापरून झाले आहेत, म्हणून आता ठामपणे लिहिते.

नियमांत तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी बॉलचं वजन १३३ ते १४४ ग्रॅम सांगितलेलं आहे. महिलांचा बॉल १४० ते १५१ ग्रॅमचा आणि पुरुषांचा १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. तरीही दुकानात नुसतं ‘सीझन बॉल द्या’ म्हटलं की पुरुषांचाच पुढ्यात येतो, आणि मग पाचवीतली मुलगी मोठ्या माणसांच्या बॉलने सराव करते. हे मला अजिबात पटत नाही.

वीस-एकवीस ग्रॅमने काय बिघडतं, असं पालक विचारतात. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या १५६ ग्रॅमच्या बॉलचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) साधारण ३.५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद भरतो, १३५ ग्रॅमच्या बॉलचा ३. म्हणजे तेवढ्याच वेगाचा बॉल अडवताना बोटांना जवळजवळ एक सप्तमांश काम कमी. हात मागे नेत कॅच घ्यायला मी पहिल्या दिवसापासून शिकवते, त्याचंही कारण हेच आहे. ताशी ६० किलोमीटरने आलेला हा लहान बॉल पाच सेंटीमीटरांत थांबवला, तर तळहातावर सरासरी ३८ किलो वजनाइतका जोर येतो. तोच वीस सेंटीमीटर मागे नेत थांबवला तर दहा किलोच्याही आत. पण हात मागे न्यायला मुलीच्या मनात भीती नसावी लागते. बॉल लागणार या धास्तीने हात ताठ झाले की शिकवलेलं सगळं वाया जातं. या बॉलवर ताठ हात लवकर सैल पडताना मी पाहिले, आणि माझ्या दृष्टीने एवढ्यासाठीच तो घेण्यासारखा आहे.

बॉलिंगमध्येही फरक दिसला. वस्तुमान कमी म्हणजे जडत्व कमी, त्यामुळे खांद्याला ओढ कमी बसते. परीघ २०.५ ते २२ सेंटीमीटरच्या मापातला असल्याने दोन बोटं शिवणीवर आणि अंगठा खाली, ही पकड छोट्या हातात नीट बसते. मोठ्या बॉलला मुली सगळ्या पंजाने धरतात आणि मग मनगट सरळ राहत नाही.

‘मग टेनिस बॉलच का नको?’ हाही नेहमीचा प्रश्न. टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास असतो, आकाराने मात्र सीझन बॉलपेक्षा थोडाच लहान. हवा त्याला जवळपास तेवढीच अडवते, पण पुढे जात राहायला लागणारं वस्तुमान त्याच्याकडे नाही. तेवढ्याच वेगाने सोडला तर हवेत तो सीझन बॉलच्या दुपटीहून अधिक झपाट्याने वेग गमावतो. उंच कॅचचा अंदाज त्यावर पक्का केलेली मुलगी लेदरवर आली की हमखास पुढे धावून येते आणि बॉल डोक्यावरून जातो. १३५च्या बॉलमध्ये वजनाबरोबर आकारही घटवलेला आहे, त्यामुळे हवेतली त्याची चाल मोठ्या बॉलसारखीच राहते. आज बसलेला अंदाज पुढे मोडावा लागत नाही.

आता उणिवा. मॅटिंगवर लकाकी लवकर जाते आणि शिवण दबते. तीन-चार सरावांनंतर तो फक्त फील्डिंगच्या कामाचा उरतो. नवा असताना लाल रंग हाताला लागतो. एकाच डब्यातले बॉल काट्यावर सारखे भरले नाहीत, काही १३०पर्यंत उतरले. एक लवकरच अंडाकृती झाला. किंमत मोठ्या बॉलइतकीच, चारशेच्या आतबाहेर. गावातल्या दुकानांत तो सहसा ठेवत नाहीत, सांगून मागवावा लागतो आणि वाट पाहावी लागते. मुलांच्या अकादमींनी मागणी केली तरच ही अडचण सुटेल, म्हणून कोचमंडळींना माझी मनापासून विनंती आहे की दुकानदाराकडे हट्ट धरा.

तेरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलींना मी थेट १४२ ग्रॅमचा, म्हणजे महिलांच्या मापाचा बॉल देते. त्यांच्यासाठी हा घेऊ नका. स्वस्त पडतो म्हणून टू-पीस किंवा प्लास्टिकचा कडक बॉलही नको, तो टप्प्यावरून फार उसळतो आणि लागतोही जोरात. आणि डबा घेताना दुकानातच दोन-तीन बॉल काट्यावर ठेवून बघा, छापील आकड्यावर जाऊ नका.