दप्तर की चौकी?

राजकीय हिंसा आणि पोलिसांवर पीएचडी करायची तर नाशिककराला दोन वाटा.

एक दप्तराची, म्हणजे जुन्या सरकारी कागदांची. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरेंसह तिघे फासावर गेले. अशा खटल्यांचे कागद वाचताना जपावं लागतं, कारण जबाब लिहून घेणारा हात सरकारचाच असतो.

दुसरी पोलीस चौकीची. मला हीच जवळची वाटते. बंदोबस्तावरून आलेला हवालदार बुटाची नाडी सैल करतो, चहा फुंकत बोलू लागतो. तेव्हा वही मिटून ठेवायची. पेन दिसलं की माणूस गप्प. नंतर विचारायचं, ‘हे लिहू का?’ नको म्हणाला तर नाही लिहायचं. खूप हळहळ वाटते, तरी नाही.